घोड्याच्या अंगावरची गाठ आणि झाडपाल्याचा लेप: कुठे चालतो, कुठे अंगाशी येतो

वर्ष-दीड वर्षाच्या शिंगराच्या ओठांवर आणि नाकपुड्यांभोवती मुगाएवढ्या खरखरीत चामखिळी उठतात. बघता बघता वीस-पंचवीस होतात. कुणी रुईचा चीक लावतं, कुणी चुना लावतं, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या चारतं. तीन-चार महिन्यांत चामखिळी वाळून गळतात आणि ज्याने जे केलं ते त्या पागेत कायमचं रामबाण ठरतं. या चामखिळी घोड्यांच्या पॅपिलोमा विषाणूमुळे येतात. शिंगराच्या शरीराने त्या विषाणूविरुद्ध प्रतिकार उभा केला की त्या जातात, काही लावलं तरी आणि नाही लावलं तरी.

पुढे तेच रामबाण आठ वर्षांच्या घोडीच्या जांघेतल्या गाठीवर लावलं जातं. ती गाठ सारकॉइड (घोड्याच्या कातडीचा एक ट्यूमर) असली तर चीक आणि चुन्याने ती डिवचली जाते आणि वर्षभर लिंबाएवढी असलेली गाठ दोन महिन्यांत फुटून रक्ताळलेल्या मांसाचा गोळा होते. औषध एकच, घोडाही धडधाकट, पण गाठ वेगळी होती. म्हणून पाल्याचा विचार नंतर, गाठ ओळखणं आधी.

गाठ कशी बघायची

दिवसाउजेडी, अंग खरारा करून स्वच्छ झाल्यावर, रबरी हातमोजे घालून बघा. हातमोजे का, ते पुढे येईल. सहा गोष्टी तपासायच्या.

गाठ किती वेळात आली? काल रात्री नव्हती आणि आज सकाळी अंगभर आहेत, तर त्या बहुधा पित्ताच्या गांधी. महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेली गाठ म्हणजे वेगळं प्रकरण.

बोटाने दहा सेकंद दाबून सोडा. खड्डा पडून राहिला तर आत पाणी धरलेलं आहे, म्हणजे गांधी किंवा सूज. लोण्यासारखी दबते आणि मध्ये एक मऊ ठिकाण लागतं, तर पू धरलाय. रबरासारखी घट्ट लागली तर सारकॉइड, मेलानोमा (कातडीच्या रंगपेशींचा ट्यूमर) किंवा किड्याच्या चाव्यानंतर उरलेली गुठळी.

हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा, घोडा दचकतो का ते बघा. गरम आणि दुखरी गाठ ही सहसा जंतुसंसर्गाची. सारकॉइड आणि मेलानोमा सुरुवातीला दुखत नाहीत, त्यामुळेच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

चिमटीत धरून हलवा. कातडी गाठीवरून सरकते, की गाठ कातडीलाच चिकटली आहे? वरचे केस शाबूत आहेत की गेलेत? आणि शेवटचं म्हणजे गाठ अंगावर कुठे आहे, एकटी आहे की रांगेत.

टेपने लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, तारीख लिहा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी हेच करा. ‘जरा कमी वाटतेय’ हे मोजमाप नव्हे. गाठीवर हळद थापलेली असली तर पिवळ्या रंगाखाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

कोणती गाठ कोणाची

गांधी म्हणजे अॅलर्जी. नवीन चारा, औषध, इंजेक्शन, किड्यांचा चावा यामुळे मान, छाती आणि पोटाच्या बाजूंवर चपट्या गाठी उठतात आणि बऱ्याचदा 24 ते 48 तासांत बसतात. इथे गार पाणी आणि कारण शोधणं एवढंच हवं. डोळ्यांच्या पापण्या आणि नाकपुड्या सुजून श्वासाला घरघर लागली तर मात्र डॉक्टरला तत्काळ बोलवा. तिथे लेप वाटत बसायला वेळ नसतो.

पाठीवर खोगिराच्या जागी किंवा मानेवर वाटाण्याएवढ्या, घट्ट, केस शाबूत असलेल्या, न दुखणाऱ्या गुठळ्या बहुधा किड्यांच्या चाव्यावर शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेच्या असतात. खोगिराखाली येत नसतील तर सोडून द्या. येत असतील तर डॉक्टर त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात किंवा काढून टाकतात. या गुठळीत आतला तंतू मेलेला असतो, कधी चुनखडीसारखा कडक झालेला असतो. वरून लावलेलं तेल तिथपर्यंत पोचत नाही.

पावसाळ्यात चिघळणारी जखम ही आपल्या हवेची खास देणगी. उत्तर हिंदुस्थानात हिला बरसाती म्हणतात. घोड्याच्या जठरात राहणाऱ्या हॅब्रोनेमा नावाच्या जंताच्या अळ्या माश्या वाहून आणतात आणि जखमेवर, डोळ्याच्या कोपऱ्यात, लिंगाच्या खोळीवर सोडतात. अळी तिथे वाढू शकत नाही, पण शरीर तिच्यावर तुटून पडतं. लाल, खाजरं, वाढलेलं मांस तयार होतं आणि त्यात तांदळाच्या कणीसारखे पिवळे खडे हाताला लागतात. थंडी पडली की जखम आपोआप बसते, पुढच्या पावसाळ्यात तिथेच उघडते. दिवाळीनंतर लावलेल्या प्रत्येक लेपाला या जखमेने यश मिळवून दिलं आहे. खरा उपाय म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक, शरीराच्या दर किलो वजनाला 0.2 मिलिग्रॅम, आणि जखमेवर माशी बसू न देणं.

सब्जा घोड्याच्या शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांत किंवा कानाखालच्या लाळग्रंथीत काळ्या, गोल, गोट्यांसारख्या गाठी येतात. हा मेलानोमा. सब्जा घोडा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. केस पांढरे करणारा जनुकातला जो बदल आहे (तो 2008 मध्ये सापडला) तोच या गाठींचा धोकाही वाढवतो. पंधरा वर्षांपुढच्या अशा घोड्यांत दहातल्या सात-आठ जणांना या गाठी होतात. बहुतेक वर्षानुवर्षं हळू वाढतात, काही आत पसरतात. लहान असताना शस्त्रक्रियेने काढणं सोपं, शेपटीखाली द्राक्षांचा घड झाल्यावर अवघड. ‘हात लावू नका, पसरेल’ हा जुना सल्ला त्यामुळे महाग पडतो.

नुकरा घोड्याची गोष्ट निराळी. बाजारात दोन्ही पांढरेच दिसतात म्हणून हे सांगायला हवं. नुकरा जन्मतः पांढरा, कातडी गुलाबी. त्याला उन्हाचा त्रास. डोळ्याच्या तिसऱ्या पापणीवर, लिंगावर, ओठांवर भरून न येणारी, फुलकोबीसारखी जखम दिसली तर तो कातडीचा कर्करोग असू शकतो. तिथे घरगुती औषधात घालवलेले दोन महिने म्हणजे डोळा वाचणं आणि डोळा काढणं यातलं अंतर.

जबड्याखाली गरम, दुखरी गाठ, ताप, नाकातून घट्ट शेंबूड ही लक्षणं स्ट्रँगल्सची. हा जंतूंचा आजार पागेत झपाट्याने पसरतो. घोडा वेगळा बांधा, त्याची बादली वेगळी, त्याचा खरारा वेगळा. या गाठीला शेक चालतो, कृती पुढे दिली आहे. आणि शिंगराच्या बेंबीवर मऊ गोळा असेल, दाबला की आत जात असेल, तर तो हर्निया आहे. आत आतडं असतं. त्याला ना शेक, ना लेप, ना सुई.

हातमोजे कशासाठी

पायाच्या आतल्या बाजूने किंवा पोटावर एकामागून एक मण्यांच्या माळेसारख्या गाठी, मध्ये दोरीसारखी सुजलेली शीर, गाठी फुटून मधासारखा चिकट पिवळा पू, सोबत ताप, खोकला किंवा नाकातून चिकट स्राव असं दिसलं तर मागे व्हा. हा ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. बऱ्याच वर्षांच्या शांततेनंतर 2006 मध्ये हा रोग देशात परत उसळला तो महाराष्ट्रातूनच.

या रोगावर घोड्याला उपचार करायचे नसतात, कोणत्याच पद्धतीचे नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं किंवा 1962 या क्रमांकावर फोन करायचा. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासला जातो. रोग पक्का ठरला तर 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे घोड्याला वेदनारहित मरण दिलं जातं आणि मालकाला ठरलेली भरपाई मिळते. ऐकायला क्रूर आहे. पण अशा गाठींवर उघड्या हाताने हळद भरणारा मोतद्दार पहिला आजारी पडतो.

असाच दिसणारा एक बुरशीचा रोगही आहे आणि नजरेने दोन्हींत फरक करता येत नाही. माळेसारखी रांग दिसली की रक्त तपासणी, मध्ये दुसरं काही नाही.

सारकॉइड: जिथे सगळी औषधं आपटतात

घोड्याच्या कातडीवर सर्वांत जास्त आढळणारा ट्यूमर हाच. गंमत म्हणजे कारण गाईचं आहे. गाईला चामखीळ करणारा पॅपिलोमा विषाणू घोड्याच्या कातडीत शिरतो आणि तिथे पेशींना वाढायला लावतो. माश्यांमधून तो पोचत असावा असा भक्कम संशय आहे, आणि जखम असलेल्या जागी सारकॉइड उगवतो हे वारंवार दिसतं. जांघ, पुढच्या पायांमधली काख, छाती, डोळ्याभोवती, ओठांचे कोपरे या त्याच्या जागा. पातळ कातडी, घाम आणि माश्या जिथे, तिथे तो.

रूपं अनेक. केस गेलेला, राखाडी, जरा खरखरीत गोल चट्टा, जो गजकर्ण समजून महिनोन्‌महिने औषध लावलं जातं. चामखिळीसारखा खडबडीत. कातडीखाली गोटीसारखा. आणि चौथा, फुटलेला, रक्ताळ, मांसल. पहिले तीन प्रकार वर्षानुवर्षं शांत बसू शकतात. घासणं, कापणं, अर्धवट जाळणं, दोरा बांधून अर्धा तोडणं यांपैकी काहीही झालं तर ते चौथ्या प्रकारात जाऊ शकतात. याच भीतीने अनुभवी डॉक्टर शांत सारकॉइडचा तुकडा तपासायला सहजासहजी काढत नाहीत. काढायचाच असेल तर पुढच्या उपचाराची तयारी ठेवूनच काढतात.

सारकॉइड सहसा फुप्फुसात किंवा यकृतात जात नाही, म्हणजे घोड्याला मारत नाही. पण मुळं गाठीच्या कडेच्या पलीकडे, वरून निरोगी दिसणाऱ्या कातडीत गेलेली असतात. नुसतं कापलं तर परत येण्याचं प्रमाण मोठं. म्हणून डॉक्टर लेझरने रुंद काठ घेऊन कापतात, द्रव नायट्रोजनने दोन-तीनदा गोठवून-वितळवून पेशी मारतात, 5-फ्लुरोयुरॅसिल किंवा सिस्प्लॅटिन ही कर्करोगाची औषधं गाठीत टोचतात किंवा इमिक्विमॉडचं मलम महिनोन्‌महिने लावायला देतात. डोळ्याभोवतीच्या गाठींत बीसीजी (क्षयाची लस) टोचण्याचीही पद्धत आहे. यांपैकी एकही उपाय शंभर टक्के नाही, आणि पहिल्या उपचारात जमलं नाही तर दुसऱ्यात जमणं अवघड होत जातं. म्हणूनच ‘आधी घरगुती करून बघू, नाही जमलं तर डॉक्टर’ हा क्रम सारकॉइडला लागू पडत नाही.

वनस्पतींचा इथे काही उपयोग आहे का? आहे, पण पाटा-वरवंट्याच्या वाटेने नाही. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये सारकॉइड असलेल्या घोड्यांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. युरोपी बांडगुळाचा अर्क आठवड्यातून तीनदा कातडीखाली टोचला, दुसऱ्या गटाला नुसतं मिठाचं पाणी. अर्क मिळालेल्यांपैकी 41 टक्के घोड्यांत गाठी कमी झाल्या किंवा गेल्या. मिठाचं पाणी मिळालेल्यांत 14 टक्के.

या दोन आकड्यांतला लहान आकडा जास्त शिकवणारा आहे. काही न देताही सात घोड्यांमागे एकाची गाठ ओसरली. गावातल्या कोणत्याही लेपाला एवढं यश फुकट मिळतं. शिवाय तो अर्क इंजेक्शनचा, ठरलेल्या तीव्रतेचा, जंतुविरहित. आपल्या आंब्यावर वाढणारं बांडगूळ ही वेगळी वनस्पती आहे, ते वाटून लावल्याने त्या चाचणीचं फळ मिळत नाही. नामसाधर्म्याचा असाच घोळ थुजा या चामखिळीवरच्या होमिओपॅथी औषधाबाबत होतो. औषधातला थुजा उत्तर अमेरिकेचा, आपल्या बागेतली मोरपंखी त्याची लांबची नातलग.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या जंगलातल्या एका झाडाच्या बीपासून टिगिलॅनॉल टिग्लेट नावाचं औषध निघालं, कुत्र्यांच्या एका कातडीच्या गाठीसाठी त्याला मान्यता मिळाली आणि घोड्यांच्या सारकॉइडवरही ते वापरून पाहिलं गेलं आहे. मूळ झाडाचंच. पण वेगळं काढलेलं, तोललेलं, गाठीत नेमकं टोचलेलं.

जाळणारे लेप

अमेरिकेत ब्लडरूट नावाच्या रानफुलाच्या लाल मुळाचा लेप घोड्यांच्या सारकॉइडवर बराच विकला जातो. त्यात बहुतेक वेळा झिंक क्लोराइड असतं. ब्लडरूटमधलं सँग्विनारिन आणि हे क्षार मिळून कातडी मारतात, काळी खपली धरते, दोन-तीन आठवड्यांत गाठीसकट गळते. फोटो जोरदार दिसतात. अडचण अशी की लेप आजारी पेशी आणि चांगली पेशी यांत फरक करत नाही, आणि किती खोल जाईल हे हातात राहत नाही. वरून छान व्रण भरतो, खाली मुळं राहतात, सहा महिन्यांनी व्रणाच्या कडेने गाठ परत वर येते. डोळ्याजवळ, सांध्यावर, गुदद्वारापाशी, खुराच्या वरच्या कडेला हा लेप लावला तर नुकसान गाठीपेक्षा मोठं.

हेच सँग्विनारिन आपल्या रस्त्याकडेच्या पिवळ्या धोत्र्यात आहे. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठहून जास्त माणसं दगावली. त्याचा पिवळा चीक खरूज-नायट्यावर लावायची पद्धत आपल्याकडे आहे. घोडा ती जागा चाटणार हे गृहीत धरा.

ब्लडरूटचं काम आपल्याकडे बिब्बा करतो. तापवलेल्या सुईने बिब्ब्याचं तेल गाठीवर टेकवतात. हे तेल कातडीला फोड आणतं आणि घामाबरोबर ओघळून निरोगी जागाही भाजतं. लावणाऱ्या माणसाच्या हाताला, तोंडाला उतलं तर तो वेगळा ताप. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळ धुरकट होतं, आणि ओठावर चीक लावलेलं शिंगरू पहिली गोष्ट करतं ती तोंड गुडघ्याला पुसण्याची, मग तोच गुडघा डोळ्याला घासण्याची. चुना-गूळ, चुना-साबण हे लेप साध्या गळवावर कातडी भाजून पुवाला वाट करतात, पण ती वाट वेडीवाकडी असते. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी आयाळीत चोळतात, तीही डोळ्याला घातक.

आणि धनुर्वात. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. जाळणाऱ्या लेपाखाली मेलेली कातडी, वर हवाबंद खपली, खाली लिदीची जमीन, यापेक्षा सोयीची जागा त्या जंतूंना मिळणार नाही. धनुर्वाताची लस चालू नसलेल्या घोड्याला असं काही लावणं हा शुद्ध जुगार आहे.

कण्हेरीचं वेगळं सांगावं लागतं. तिच्या पानांचं तेल कातडीच्या रोगांवर वापरतात म्हणून पाला तोडून तबेल्यात आणला जातो. मोठ्या घोड्याला पंधरा-वीस पानं पुरतात, हृदय बंद पडतं. वाळलेली पानंही तितकीच विषारी, आणि चाऱ्यात मिसळली तर कडवटपणा झाकून घोडा खातो. तबेल्याच्या आवारात कण्हेर नको, औषधाला नको आणि शोभेलाही नको.

जिथे पाला खरंच कामाचा

तंग आणि खोगिराची काचणी, किड्यांचे चावे, वरवरची खाज, पू धरणारं साधं गळू. इतक्या जागा पुष्कळ आहेत. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारी नाहीत आणि घोडा दिवसभर पाठीवर माणूस वाहतो, तिथे काचणी हीच रोजची गाठ. तिथे पहिलं औषध म्हणजे खोगीर उतरवणं. सूज बसून कातडी पूर्ण भरेपर्यंत, साधारण आठ-दहा दिवस, त्या जागेवर काहीही येऊ द्यायचं नाही. तंगाच्या पट्ट्यावर वाळलेला घाम धुवून काढा. तो सँडपेपरचं काम करतो.

*धुण्यासाठी कडुनिंबाचं पाणी.* ताजा पाला 100 ग्रॅम, पाणी 2 लिटर, उकळून निम्मं करा, कपड्यातून गाळा, पूर्ण गार करा. दिवसातून दोनदा धुवा. त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशीच्या काढ्यात जंतू वाढलेले असतात. उघड्या जखमेसाठी त्याहून चांगलं म्हणजे उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. जास्त मीठ घातल्याने जास्त फायदा होत नाही, कोवळी पेशी होरपळते.

*माश्यांसाठी तेल.* 95 मिलिलिटर खोबरेल तेलात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल. करंज तेल वापरायचं तर तेही एवढंच पातळ. जखमेच्या आत नाही, कडेने दोन बोटं रुंद पट्टा लावायचा. निव्वळ कडुनिंब तेल कातडी लाल करतं, कधी सोलून काढतं. दुपारच्या उन्हात बांधायच्या घोड्याला आणि खोगिराखाली तेल नको. टी-ट्री तेल वापरणारे वाढलेत. ते 100 मिलिलिटरमध्ये 1 मिलिलिटरच्या पुढे जाऊ देऊ नका.

*हळद.* 50 मिलिलिटर कोमट खोबरेल तेलात 5 ग्रॅम. वरवरच्या काचणीवर पातळ थर. खोल जखमेत कोरडी पूड भरायची नाही. ती कणाकणाने आत अडकते आणि जखम तिलाच परकी वस्तू समजून भरायची थांबते. हळकुंड आणून घरी दळलेली वापरा, बाजारच्या चमकदार पिवळ्या पुडीत शिशाचा रंग असू शकतो.

*कोरफड.* पान कापून पंधरा-वीस मिनिटं उभं धरा, पिवळा चीक गळू द्या, धुवा, मग आतला पारदर्शक गर घ्या. हा चीक वाळवला की काळा बोळ होतो, आणि जुन्या काळी घोड्यांना जुलाब द्यायला तोच वापरत. चिकासकट लावलेली कोरफड घोड्याने चाटली की रात्री लीद पातळ होते, आणि घोड्याला जुलाब ही हलकी गोष्ट नाही.

*जवसाचं पोटीस, गळू पिकवायला.* जाडसर दळलेलं जवस 100 ग्रॅम, त्यावर उकळतं पाणी ओतत घट्ट खळ करा. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतकं गार झालं की कपड्यात गुंडाळून गाठीवर 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीनदा. दोन ते पाच दिवसांत मध्ये मऊ, केस गळलेलं ठिकाण तयार होतं. तिथे डॉक्टर चीर देतात किंवा ते आपसूक फुटतं. पिळायचं नाही. पिळल्याने पुवाची भिंत आतल्या बाजूला फुटते. फुटल्यावर मिठाच्या पाण्याने रोज आतून धुवा आणि पू लागलेलं गवत, चिंध्या जाळा. घट्ट, गार, न दुखणाऱ्या गाठीला पोटीस लावू नका, तिच्यात पिकण्यासारखं काही नसतं.

कोणतंही नवीन औषध आधी मानेवर नाण्याएवढ्या जागी लावून 24 आणि 48 तासांनी बघा. एका वेळी एकच औषध. चौदा दिवसांत माप कमी झालं नाही, किंवा त्याआधी वाढलं, रक्त आलं, वास आला, तर थांबा. परळ, शिरवळ आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत गाठ तपासून घेता येते.

पोटात द्यायचं झालं तर

माणसाचा डोस गुणिले सहा असा हिशेब चालत नाही. आधी वजन काढा. पुढच्या पायांमागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा, 11,880 ने भागा. घेर 150 आणि लांबी 135 असलेलं तट्टू साधारण 256 किलोचं निघतं. डोळ्यांनी बरेच जण त्याला 350 म्हणतात.

लसूण रक्त शुद्ध करतो म्हणून गाठींसाठी रोज चारणारे आहेत. वाळवलेला लसूण दर किलो वजनाला 0.2 ग्रॅमच्या पुढे रोज दिला तर घोड्यांच्या लाल पेशी फुटून रक्त कमी होतं, हे प्रयोगात दिसलेलं आहे. आपल्या तट्टासाठी ती मर्यादा रोजची 51 ग्रॅम वाळलेली पूड. सूज कमी करायला हळद द्यायची तर रोज 15 ग्रॅमच्या आसपास ठेवा, दोन आठवडे, आणि तीही सारकॉइड विरघळेल या आशेने नको. पोटातून दिलेली हळद रक्तात फार थोडी उतरते.

रेसचा किंवा स्पर्धेचा घोडा असेल तर वरून चोळलेलंही मोजलं जातं. 2008 च्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धांत चार घोडे मिरचीतल्या कॅप्सेसिनसाठी दोषी सापडले. मिरची किंवा कापूर घातलेलं चोळायचं तेल घेण्याआधी डब्यावरची घटकांची यादी वाचून डॉक्टरला दाखवा. यादीच नसेल तर डबा परत करा.

माशी आणि बाजार

बरसाती, सारकॉइड, खाज या तिन्हींच्या मागे माशी आहे. आपल्या उन्हात अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून लीद आठवड्यातून किमान दोनदा तबेल्यापासून दूर न्या आणि ढीग झाका. गाठ असलेल्या घोड्याचा खरारा आणि स्पंज दुसऱ्याला लावू नका. गाई आणि घोडे एकाच गोठ्यात असतील तर चामखिळी असलेली गाय वेगळी बांधा.

सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा कुठल्याही बाजारात घोडा घेताना चाल आणि दात बघून झाले की खाली वाका. पाठीवर खोगिराच्या जागी पांढरे केस ही जुनी काचणी, ती बहुतेक कामाच्या घोड्यांना असते. पण जांघेत, पुढच्या दोन पायांच्या मध्ये किंवा डोळ्याच्या कडेला गुळगुळीत, केस नसलेला, भाजल्यासारखा व्रण दिसला तर तिथे काय होतं आणि कधी जाळलं ते विचारा. व्रणाची कड बोटाने फिरवून बघा. कडेला कुठेही मोहरीएवढा कडक दाणा लागला तर गाठ अजून तिथेच आहे. सब्जा असेल तर शेपूट उचला. ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला मागा, त्यावरची तारीख वाचा, आणि त्यात लिहिलेला रंग आणि खुणा समोरच्या घोड्याशी जुळवून घ्या.